सेल संपला तरी आवाज उरला पाहिजे

मागच्या चवथीच्या आधीची गोष्ट. सुर्ल्याच्या आमच्या घरी साफसफाई चालली होती. माटोळीची लाकडी चौकट धुवून उन्हात ठेवली होती आणि मी जुनं कपाट रिकामं करत होतो. तळाशी एका पिशवीत छोटा एमपी-थ्री प्लेअर सापडला. काडेपेटीपेक्षा जरासा मोठा. काकांनी आखातातून येताना आणलेला. तो गाणी वाजवायचा आणि आवाज रेकॉर्डही करायचा.

२०१२ च्या चवथीला मी शाळकरी पोर होतो. आरतीच्या वेळी मी तो प्लेअर आजोबांसमोर धरून बसलो होतो. आजोबांच्या मांडीवर घुमट, शेजारी शामेळ आणि कासाळे, आणि सगळ्यांच्या वर त्यांचा आवाज. पुढच्या पावसाळ्यात आजोबा गेले. त्यांच्या आवाजाचं दुसरं रेकॉर्डिंग आमच्या घरात नाही.

प्लेअर हातात घेतला तर मागची बाजू पुरीसारखी फुगलेली. चार्जर लावला, दिवा लागला नाही. डिचोलीच्या बाजारात एका दुकानात नेला. दुकानदारानं उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाला, "हें उगडपाचें न्हय. नवेंच घे रे." त्याचं काही चुकलं नव्हतं. प्लेअरला एकही स्क्रू नव्हता. पण नवीन घेऊन आजोबा थोडेच मिळणार होते?

त्या दिवसापासून मी या विषयाच्या मागे लागलो. मराठीच्या मासिकात बॅटरीवर लेख कशाला, असं काहींना वाटेल. लेख संपेपर्यंत हा प्रश्न मनात ठेवा. मग तुम्हीच ठरवा.

आधी शब्दांबद्दल

आपल्याकडे "बॅटरी" म्हटलं की आजही घरातल्या मोठ्या माणसांना हातात धरायचा विजेरी दिवा आठवतो. "काळोख पडला, बॅटरी घेऊन जा" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. त्या बॅटरीत जे घालतात ते "सेल". तांत्रिक भाषेत सेल म्हणजे रासायनिक क्रियेतून वीज देणारा एक घटक, आणि असे घटक जोडले की बॅटरी होते. बोलताना मात्र आपण मोबाईलमधल्या एकट्या सेललाही बॅटरीच म्हणतो. या लेखातही तसंच म्हणू.

खिशात मावणाऱ्या गाण्याच्या यंत्रांत बॅटरी तीन प्रकारे बसवलेली असते.

१. कुठल्याही दुकानात मिळणारा ठरावीक मापाचा सेल. उदाहरणार्थ पेन्सिल सेल. तो एकदाच वापरायचा असेल किंवा पुन्हा चार्ज होणारा असेल, माप एकच.

२. काढता येणारी, पण खास आकाराची बॅटरी. ती मिळेल तोवर ठीक.

३. आत बंद केलेली बॅटरी. यंत्र चिकटवलेलं किंवा दाबून बसवलेलं, आणि बॅटरी तारांनी डाख देऊन जोडलेली.

आपल्याला वाटतं की यंत्र एक तर "सेलवाली" किंवा "चार्जिंगवाली" असतात. हा गोंधळ आधी काढून टाकला पाहिजे. पुन्हा चार्ज होणं ही एक गोष्ट आणि बदलता येणं ही दुसरी. चार्ज होणारा पेन्सिल सेल दोन्ही गोष्टी करतो.

सेलांचा काळ

आमच्या भागात खाणी जोरात होत्या तेव्हा रात्रपाळीच्या माणसांजवळ ट्रान्झिस्टर असायचा, असं घरी सांगतात. ट्रान्झिस्टरला वीज कमी लागते. एकदा सेल घातले की बरेच दिवस चालत. खरी ओढाताण सुरू झाली ती कॅसेटबरोबर, कारण कॅसेट फिरवायला मोटर लागते आणि मोटर वीज खाते.

सोनी कंपनीचा पहिला वॉकमन १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये विक्रीला आला. तो दोन पेन्सिल सेलांवर चालायचा. पुढच्या काळात वॉकमन आणि त्याच्या नकला गोव्यातल्या घराघरांत पोचल्या. कोणी जहाजावरून आणला, कोणी आखातातून. माझ्या वर्गातल्या एका मित्राच्या घरी अजून तियात्रांच्या कॅसेटी आहेत, आमच्याकडे नाट्यगीतांच्या आणि भजनांच्या.

त्या पिढीनं सेल वाचवायच्या कितीतरी युक्त्या शोधल्या. कॅसेट मागे न्यायची तर पेन्सिल घालून हातानं फिरवायची. सेल उतरले की उन्हात ठेवायचे. थोडं ऊब मिळालं की आतली रासायनिक क्रिया जराशी वेगानं होते आणि आणखी एक-दोन गाणी निघतात. सेल मरायला लागला की मोटर मंद व्हायची आणि गायिकेचा आवाज हळूहळू पुरुषी व्हायचा. घरातले हसायचे. पण ती सूचना असायची: आता सेल आणा.

या पद्धतीचे तोटेही होते. एकदा वापरून टाकायचे सेल महाग पडत आणि कचऱ्यात जात. सेल आतच विसरले तर ते पाझरत आणि तांब्या-पितळेच्या पट्ट्या खाऊन टाकत. आपल्या पावसाळ्याच्या दमट हवेत तर हे काम झपाट्यानं होतं. म्हणजे सेलवाली यंत्रं अमर होती असं मुळीच नाही. पण मेली तर ती बहुतेक वेळा त्या गंजलेल्या पट्ट्यांमुळे, आणि पट्ट्या कानस मारून साफ करता येत होत्या.

बॅटरी आत गेली

१९९८ मध्ये रिओ पीएमपी ३०० नावाचा एमपी-थ्री प्लेअर बाजारात आला. त्यात फक्त ३२ मेगाबाइट जागा होती, म्हणजे जेमतेम अर्ध्या तासाची गाणी. पण तो एका पेन्सिल सेलवर चालायचा. तीन वर्षांनी, २३ ऑक्टोबर २००१ रोजी, ॲपल कंपनीनं आयपॉड दाखवला. हजार गाणी खिशात, आणि एकदा चार्ज केला की दहा तास. त्याच्या आत लिथियमची बॅटरी होती आणि ती वापरणाऱ्यानं बदलायची सोय नव्हती.

दीड-दोन वर्षांत तक्रारी सुरू झाल्या. २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या नाइस्टॅट बंधूंनी एक छोटी फिल्म केली. शहरभर लागलेल्या आयपॉडच्या जाहिरातींवर ते रंगाचा फवारा मारून लिहीत चालले होते की याची बदलता न येणारी बॅटरी अठरा महिनेच टिकते. त्याच वर्षी कंपनीनं ९९ डॉलरमध्ये बॅटरी बदलून द्यायची योजना आणली. ग्राहकांनी कोर्टात दावा केला होता, त्यात २००५ मध्ये तडजोड झाली आणि सुरुवातीच्या आयपॉडवाल्यांना भरपाई देण्याचं ठरलं.

यात लक्षात घेण्यासारखं काय? भांडण बॅटरी खराब झाल्याबद्दल नव्हतं. बॅटरी कधीतरी खराब होणारच. ग्राहकांचं म्हणणं होतं की ती खराब होणार हे माहीत असताना आम्हाला दार का ठेवलं नाही?

दुसऱ्या बाजूचं म्हणणं

आत बंद बॅटरी ही केवळ लबाडी आहे असं म्हणणं सोपं आहे, पण खरं नाही. कंपन्यांची कारणं ऐकण्यासारखी आहेत.

पहिलं, जागा. पेन्सिल सेल गोल नळकांडं असतो. त्याच्यासाठी खोबण, झाकण, स्प्रिंग लागते. लिथियमची पाकीटबंद बॅटरी पातळ करता येते, हव्या त्या आकारात बनवता येते. दुसरं, शक्ती. चार्ज होणारा एक पेन्सिल सेल १.२ व्होल्ट देतो. लिथियमची एक बॅटरी ३.७ व्होल्टच्या आसपास देते आणि तेवढ्याच वजनात जास्त वीज साठवते. तिसरं, पाणी. झाकण नसलं की पाणी आणि धूळ आत जायची वाट कमी होते. जून ते सप्टेंबर बसस्टॉपवर उभं राहणाऱ्याला हे पटेल. चौथं, सुरक्षितता. लिथियमच्या पाकिटाला टोक लागलं, ते वाकलं, तर आग लागू शकते. ती उघडी हातात देणं धोक्याचं आहे.

ही सगळी कारणं मी मान्य करतो. पण त्यातून एवढंच सिद्ध होतं की बॅटरी नीट झाकलेली असावी. ती कधीच काढता येऊ नये, हे त्यातून सिद्ध होत नाही. घड्याळाचा सेलही झाकलेला असतो. घड्याळवाला दोन मिनिटांत बदलतो.

लिथियम थकते कशी?

लिथियम-आयन बॅटरी सोनीनं १९९१ मध्ये पहिल्यांदा बाजारात आणली. तिच्यामागच्या संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आज आपल्या खिशातल्या जवळपास प्रत्येक यंत्रात ती आहे.

ती थकते दोन प्रकारे. एक, वापरून. पूर्ण चार्ज आणि पूर्ण उतरणं याला एक फेरी म्हणू. साधारण ३०० ते ५०० फेऱ्यांनंतर तिची क्षमता मूळच्या ८० टक्क्यांच्या आसपास येते. रोज एक फेरी धरली तर ५०० फेऱ्या दीड वर्षात संपतात. दुसरं, नुसतं पडून राहून. ती वापरली नाही तरी वय वाढतंच. उष्णतेत आणि पूर्ण भरलेल्या स्थितीत ठेवली तर अधिक वेगानं. पूर्ण उतरलेल्या स्थितीत वर्षानुवर्षं पडून राहिली तर आतली रचना बिघडते आणि ती पुन्हा चार्ज घेत नाही. आतला द्रव विघटित होऊन वायू तयार होतो आणि पाकीट फुगतं. आमच्या कपाटात हेच झालं होतं.

कॅसेटचा आवाज जाड व्हायला लागला की आपल्याला कळायचं. लिथियमचं यंत्र तसं सांगत नाही. ते व्यवस्थित वाजतं आणि अचानक बंद पडतं. ही गोष्ट साधी वाटते, पण ज्यात घरातल्या माणसाचा आवाज ठेवलाय अशा यंत्राच्या बाबतीत ती फार महत्त्वाची आहे.

बिघाड झाल्यावर दोन वाटा

ऑगस्ट २००७ मध्ये नोकियानं जाहीर केलं की बीएल-५सी या बॅटरीच्या एका उत्पादकानं बनवलेल्या ४ कोटी ६० लाख नगांत चार्ज करताना जास्त तापण्याचा धोका आहे. भारतात मोठी घबराट झाली. पण लोकांनी काय केलं? फोनचं मागचं झाकण उघडलं, बॅटरीवरचा क्रमांक पाहिला आणि यादीत असेल तर ती बदलून मागितली. फोन घरातच राहिला.

नोव्हेंबर २०११ मध्ये ॲपलनं पहिल्या पिढीच्या आयपॉड नॅनोबद्दल असंच जाहीर केलं. २००५-०६ मध्ये विकलेल्या त्या यंत्रांची बॅटरी तापू शकत होती. इथं बॅटरी आत बंद, त्यामुळं अख्खं यंत्रच परत पाठवावं लागलं आणि त्याच्या बदली दुसरं आलं.

दोन्ही कंपन्यांनी आपली चूक सांगितली, भरपाईही दिली. फरक फक्त झाकणाचा होता.

त्या बीएल-५सी चं पुढं काय झालं ते बाजारात जाऊन बघा. नोकियाचे ते फोन गेले, पण ती चपटी बॅटरी राहिली. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भजनं वाजवणारे छोटे एफएम रेडिओ आणि पेनड्राइव्ह लावायचे स्पीकर मिळतात. त्यांतल्या कित्येकांच्या मागे झाकण असतं आणि आत हीच बॅटरी, किंवा तिच्यासारखी दुसऱ्या कोणाची. साधारण १००० मिलिअँपिअर-तासांची. एका मापाची बॅटरी इतकी पसरली की ते माप जवळजवळ पेन्सिल सेलसारखं सर्वांचं झालं. आजीबाई ते झाकण नखानं उघडतात. स्वस्तातल्या या रेडिओकडे आपण तुच्छतेनं बघतो, पण दुरुस्तीच्या बाबतीत तो कानातल्या महागड्या बड्सपेक्षा शहाणा आहे.

बड्सचं तर विचारूच नका. डाव्या कानात एक बॅटरी, उजव्यात एक, डबीत तिसरी, आणि तिन्ही सहसा बंद. त्यातली एक गेली की जोडी गेली. तरी हे टाळता येतं. २०२४ मध्ये फेअरफोन या डच कंपनीनं बॅटरी बदलता येणारे बड्स काढले. म्हणजे अशक्य काही नव्हतं.

कायदा कुठवर आलाय?

युरोपीय संघानं २०२३ मध्ये बॅटऱ्यांविषयी नवा नियम केला. त्यानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथं विकल्या जाणाऱ्या यंत्रांतली छोटी बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आणि बदलता आली पाहिजे. काही अपवाद आहेत. मुख्यतः पाण्यात वापरायच्या यंत्रांना सूट आहे, पण तिथंही जाणकार कारागिराला ती बदलता आली पाहिजे.

आपल्याकडे २०२२ चे बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम आहेत. त्यांचा भर जुन्या बॅटऱ्या उत्पादकांनी परत गोळा करण्यावर आणि त्यांतले धातू पुन्हा वापरण्यावर आहे. वापरलेली बॅटरी इतर कचऱ्यात न मिसळता वेगळी देणं ही ग्राहकाची जबाबदारी त्यात सांगितली आहे. "दुरुस्तीचा हक्क" या विषयावर केंद्र सरकारनं २०२२ मध्ये समिती नेमली आणि वर्षाअखेरीस एक पोर्टलही सुरू केलं. सुरुवात झाली आहे. पण दुकानात उभं राहून प्रश्न विचारायचं काम कायदा करणार नाही, ते आपल्यालाच करावं लागेल.

आजोबांचा प्लेअर

आता माझ्या प्लेअरकडे येतो. पहिल्या दुकानातून परत आल्यावर मी तो कपाटात ठेवला नाही, कारण फुगलेली बॅटरी लाकडी कपाटात ठेवू नये हे तोवर वाचलं होतं. पत्र्याच्या डब्यात वाळू घालून त्यात ठेवला. आई म्हणाली, "पुरून ठेवलास की काय?"

पुढच्या आठवड्यात साखळीत एक म्हातारे कारागीर भेटले. पूर्वी टेप आणि रेडिओ दुरुस्त करायचे, आता मिक्सर आणि इस्त्री करतात. त्यांनी भिंग लावून कडेची फट शोधली, प्लास्टिकच्या पातीनं सावकाश झाकण उचकटलं. आत चांदीसारखं पाकीट फुगून बसलं होतं. एक-एक तार सोडवून त्यांनी ते बाहेर काढलं आणि मला अंगणात नेऊन ठेवायला सांगितलं. मग ड्रॉवरमधून एक बीएल-५सी काढली. दोन्हींचा व्होल्ट सारखाच. तारा जोडल्या. बॅटरी प्लेअरच्या बाहेर लोंबत होती, दिसायला अगदीच विचित्र. बटण दाबलं आणि पडदा उजळला.

गाणी वाजवून बघायच्या भानगडीत न पडता आम्ही आधी तो कॉम्प्युटरला जोडला आणि सगळं उतरवून घेतलं. घरी येऊन ऐकलं. अकरा मिनिटांचं रेकॉर्डिंग. मध्येच कुत्रं भुंकतं, मध्येच आजी कोणाला तरी "निरांजन आण गो" म्हणून हाक मारते. आणि मग आजोबा. घुमटाचा घुमारा यंत्रानं नीट पकडलेला नाही, पण आवाज त्यांचाच. आजी दोनदा ऐकून उठली आणि काही न बोलता चहा ठेवायला गेली.

कारागिरांनी किती पैसे घेतले ते सांगत नाही, सांगितलं तर हसाल. निघताना ते म्हणाले, "यंत्र वाचलं म्हणून नाचू नकोस. आवाज दुसरीकडे ठेव." (फुगलेली बॅटरी कोणी घरी उघडू नये, हे मी मुद्दाम लिहितोय. ते काम जाणकाराचंच.)

केसरबाईंची तबकडी

त्यांच्या वाक्यावरून मला एक मोठं उदाहरण आठवलं. फोंडा तालुक्यातल्या केरी गावच्या सुरश्री केसरबाई केरकर यांचा आवाज आज माणसानं बनवलेल्या कुठल्याही यंत्राहून दूर गेला आहे. १९७७ मध्ये निघालेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक-एक तबकडी आहे. तिच्यावर जगभरच्या संगीताबरोबर केसरबाईंची "जात कहां हो" ही भैरवी आहे. दुसरं यान ५ सप्टेंबरला निघालं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या.

त्या यानांची वीज प्लुटोनियमच्या उष्णतेतून येते. ती आत बंद आहे आणि बदलणं शक्य नाही. दरवर्षी सुमारे चार वॉट कमी होते, म्हणून नासा एक-एक उपकरण बंद करत चालली आहे. एक दिवस यान मुकं होईल. पण तबकडी बनवणाऱ्यांनी ती या विजेला बांधली नाही. सोबत सुई ठेवली आणि वरच्या झाकणावर आकृत्या काढल्या: ही अशी ठेवा, इतक्या वेगानं फिरवा. वीज ज्याची त्यानं आणावी. यान मेलं तरी भैरवी तशीच राहील.

आमचा छोटा प्लेअर नेमका उलट बनवला होता. आवाज, स्मरणशक्ती आणि बॅटरी एकाच डबीत चिकटवलेली. बॅटरी गेली की तिनं बाकीच्यांना बरोबर न्यायचं.

आपण काय करावं?

सगळ्यांनी वॉकमनकडे परत जावं असं मला म्हणायचं नाही. मीही फोनवरच गाणी ऐकतो. पण विकत घेताना तीन प्रश्न विचारता येतात. बॅटरी कोण बदलू शकतं: मी, कारागीर की कोणीच नाही? पाच वर्षांनी ती बॅटरी मिळेल का? आणि बॅटरी मेली तर आतला आवाज बाहेर कसा काढायचा? काढता येणारं मेमरी कार्ड असेल तर तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं.

जुनं यंत्र ठेवून द्यायचं असेल तर साधे सेल काढून ठेवा. आत बंद बॅटरी असेल तर ती अर्धी भरून थंड, कोरड्या जागी ठेवा आणि काही महिन्यांनी एकदा चार्ज करा. फुगलेली दिसली तर चार्जरला अजिबात लावू नका.

आपल्या मंडळाच्या सभासदांसाठी एक उपक्रम सुचवतो. येत्या सुट्टीत आपापल्या घरातले जुने फोन, प्लेअर, टेप शोधा. कोणात काय आहे त्याची यादी करा. आरत्या, भजनं, फुगडीची गाणी, रणमाल्यातली पदं, तियात्रातली कांतारां, आजीच्या गोष्टी. कुठल्या यंत्राची बॅटरी काढता येते आणि कुठल्याची नाही, तेही लिहा. ज्यांची काढता येत नाही त्यांच्यापासून सुरुवात करा, कारण त्यांच्याकडे वेळ कमी आहे. जे मिळेल ते दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवून ठेवा आणि सोबत कोण, कुठं, कधी हे मराठीत लिहून ठेवा. आपल्याकडचं कितीतरी वाङ्मय कागदावर कधी आलंच नाही. ते आवाजातच आहे, आणि तो आवाज सध्या अशाच डब्यांत पडून आहे.

यंदाच्या चवथीला आमच्या घरी आरती झाल्यावर ती अकरा मिनिटं लावायचं ठरलंय. स्पीकर मी म्हापशाहून आणलाय. घेण्यापूर्वी त्याचं मागचं झाकण उघडून पाहिलं.